कोरड्या लाकडांची खोली

मागच्या आठवड्यात गावाहून फोन आला. स्मशानात टिनाचं शेड झालं आहे, त्याला आमच्या सासूबाईंचं नाव द्यायचं ठरलं आहे, तेव्हा वहिनी, तुम्ही येऊन दोन शब्द बोला आणि त्यांचा एखादा फोटो असेल तर सोबत आणा. फोटो नाही. कामरगावच्या बाजारात फोटोवाला बसायचा, पण त्या दिवशी सासूबाई हमखास कोणाच्या तरी ओसरीवर शेवया वळत नाहीतर कोणाच्या बाळंतिणीला शेक देत बसलेल्या असायच्या. आणि दोन शब्दांचं म्हणाल, तर दोन शब्दांत फक्त चांगलंच बसतं. त्या चांगल्या होत्या हे मला मान्य आहे. पण चांगल्या माणसाच्या घरात राहावं लागलेल्या माणसाला कोणी माईक देत नाही, म्हणून उरलेलं इथे लिहिते.

मी कारंज्याची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन कामरगावच्या पलीकडच्या एका लहान गावात आले. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता, वाशीमचं नावसुद्धा जिल्हा म्हणून कोणाच्या डोक्यात नव्हतं. मी मॅट्रिक पास होते आणि त्याचा मला गर्व होता. कारंज्यात आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना जैन व्यापाऱ्यांची दुकानं, दिवसभर वर्दळ, माणसाला माणूस दिसायचा. इथे दुपारी रस्त्यावर कोंबडी दिसली तरी बरं वाटायचं. घर मात्र ऐसपैस होतं. कवेलूचं म्हणजे कौलांचं छप्पर, पुढे ओसरी, मागे गोठा, आणि गोठ्याला लागून उंच जोत्यावर एक खोली. पक्क्या भिंती, टिनाचं छप्पर, सागाचं दार. सगळ्या घरात तेवढीच एक खोली पावसाळ्यात गळत नव्हती. पहिल्या दिवशी ती पाहिली आणि मला वाटलं, ही आमच्यासाठी असेल. दार उघडलं तर आत छतापर्यंत लाकडं.

ती चुलीची लाकडं नव्हती. चुलीची बाहेर पडलेली असायची. ही मयतीची लाकडं होती.

आमच्याकडे रीत अशी होती, की गावात कोणी गेलं तर घरटी एक लाकूड आणि एक गवरी त्या दारी न्यायची. न बोलावता, न सांगता. जात कोणतीही असो, भांडण असो, लाकूड जायचंच. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही. पण श्रावणात झड लागली, की आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, अंगणातलं लाकूड फुगतं, गवऱ्यांचा चिखल होतो. मग घरटी एक आलेलं लाकूडही ओलंच. तळाला कोरडं असलं तर वर ओलंही पेटतं, तळच ओला असला तर काही खरं नाही. म्हणून आत्याबाई (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे) दर वैशाखात ती खोली भरायच्या. बाभळीची खांडं, कडुनिंबाच्या फांद्या, खालून कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि भिंतीला लावून गवऱ्यांची रास. पावसाळ्यात गावात कोणाच्याही घरी मयत झाली की माणूस आधी आमच्याकडे यायचा. आत्याबाई किल्ली कमरेला लावून उठायच्या आणि मोजूनमापून नाही, लागेल तेवढं द्यायच्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं स्मशान वेगळं होतं, पण लाकूड याच खोलीतून जायचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यावर एकदा कुरकुरले, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं नाही, फक्त दोन दिवस ताक मिळालं नाही.

हे त्यांनी का सुरू केलं, ते एकदाच सांगितलं. त्यांचं माहेर केनवडकडचं. त्या पोरसवदा असताना वडील भर झडीत गेले आणि कोरडं लाकूड नाही म्हणून दीड दिवस घरात ठेवावे लागले. एवढंच बोलल्या आणि भाजी निवडायला लागल्या. ऐकताना मला वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटणं आणि रोज पन्नास गवऱ्या थापणं यात फरक आहे.

कारण गवऱ्या मी थापायचे. आत्याबाई उदार होत्या, पण त्या उदारपणाला चार हात लागायचे आणि त्यातले दोन माझे होते. कोणाकडे लग्न निघालं की त्या म्हणायच्या, "आमी येतो पापड लाटाले." या आमीत मी असायचे. कोणाला दूध हवं असलं की द्यायच्या, आणि आमचा चहा काळा व्हायचा. माझं एक नवं लुगडं बाळंतिणीच्या झोळीला गेलं तेव्हा मी दिवसभर रडले. त्यांना कळलंच नाही मी का रडते. त्यांनी स्वतःचं चांगलं लुगडं आणून माझ्यासमोर ठेवलं, म्हणजे झालं. विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गाव त्यांना मोठी माय म्हणायचं. मोठ्या मायच्या घरात लहान कोण, हे गावाला विचारायचं कारण पडलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या उन्हाळ्यात पंचायत समितीच्या एक बाई आल्या. एसटीने कामरगावपर्यंत आणि पुढे बैलगाडीतून, चेहरा धुळीने पांढरा. गावात बालवाडी काढायची होती. शिकलेली बाई हवी होती, ती मी होते. सगळ्या गावात दुसरी मॅट्रिक बाई नव्हती. आणि एक खोली हवी होती, कोरडी, दाराची, उंच जोत्याची. देवळात चालणार नव्हतं, कारण तिथे सगळी लेकरं आली नसती. त्या बाईंनी गावभर फिरून पाहिलं आणि शेवटी आमच्या गोठ्याजवळ येऊन बोट दाखवलं. ही मिळाली तर लगेच सुरू करू, म्हणाल्या. नाही मिळाली तर बालवाडी शेजारच्या गावाला जाईल.

मला ती बालवाडी किती हवी होती ते सांगते. लेकरांची सेवा वगैरे नंतर. मला सकाळी उठून शेणाच्या पाटीऐवजी पाटीपुस्तक हातात घ्यायचं होतं. मला कोणीतरी बाई म्हणायला हवं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्यावरून ओसरीवर काय बोललं जातं ते मला ऐकू यायचं. एक जागा माझी हवी होती, एवढं साधं होतं ते.

आत्याबाई म्हणाल्या, लाकडं कुठे ठेवू? मी म्हटलं गोठ्यात ठेवा. गोठा गळते, त्या म्हणाल्या. आठ दिवस हेच चाललं. मामाजी शेतात, नवरा शेतात, घरातल्या पुरुषांना अशा वेळी नेमकं शेत आठवतं. समितीच्या बाईंचा निरोप आला, की अमुक दिवशी शेवटचं कळवा. त्या दुपारी मी आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्या तूर निवडत होत्या.

"आत्याबाई, तुमाले मेलेल्या मानसायची चिंता हाये," मी म्हटलं. "घरात एक जिती हाये, तिची नाई."

त्यांनी मान वर केली नाही. तूर निवडून झाली, सूप झटकलं आणि आत गेल्या. मला वाटलं संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडं होतं आणि त्या एकट्या लाकडं बाहेर ओढत होत्या. मी धावत गेले. निम्मी लाकडं त्यांनी तिथल्या तिथे एका शेजाऱ्याच्या लेकीच्या लग्नाच्या चुलीसाठी देऊन टाकली, कारण द्यायला कारण सापडलं की त्यांना राहवायचं नाही. उरलेली गोठ्यात एका कोपऱ्यात रचली. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"घे वं तुही शाळा. आता पावसात कोनी गेलं, त तू पाहून घेजो."

"पाहीन," मी म्हटलं. त्या वेळी कोणी मला चंद्र आणायला सांगितलं असतं तरी मी आणीन म्हटलं असतं.

बालवाडी सुरू झाली. समितीने एक घंटा दिली, दोन तक्ते दिले, लेकरांच्या खाऊसाठी सुकडीचा डबा दिला. बसायला सतरंजी पुढच्या खेपेला देऊ म्हणाले, ती खेप कधी आली नाही. जमीन शेणाने सारवलेली, पावसाळ्यात गार. म्हणून मी घरोघर सांगितलं, की लेकरासोबत एक पाट पाठवा. आणि पाट आले. जेवायला बसायचे, पूजेचे, कोणाचा एक पाय मोडका, कोणाचा आजीच्या काळातला जड, काळा. बावीस लेकरं, बावीस पाट. ते रोज नेणं-आणणं कोण करणार, म्हणून ते खोलीतच राहायला लागले, भिंतीला टेकवून. माझ्यासाठी आत्याबाईंनी त्यांचा लग्नातला पाट आणून ठेवला, पितळी फुलं ठोकलेला. त्याच्यावर बसून मी शिकवायचे. आत्याबाई दारात यायच्या, आत यायच्या नाहीत. पदरात गूळ-फुटाणे असायचे, ते सुटी होईपर्यंत धरून उभ्या राहायच्या. ते दोन महिने मला त्या आवडत होत्या. हेही लिहिलं पाहिजे.

आषाढात आमच्या शेतात निंदणाला, तण काढायला, येणारी एक बाई होती, तिचा सासरा गेला. गोठ्यात उरलेलं होतं नव्हतं ते सगळं आत्याबाईंनी दिलं. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, सूनबाई, बाजारातून थोडी कोरडी खांडं आणता येतील, खोलीचा एक कोपरा दे. एक कोपरा. त्या कोपऱ्यात सुकडीचा डबा होता आणि त्याच्या वर मी नुकताच बाराखडीचा तक्ता लावला होता. मी म्हटलं, लेकरांच्या अंगावर लाकडं पडतील. समितीच्या बाई पाहायला येणार आहेत, त्यांना काय दाखवू? आत्याबाई बरं म्हणाल्या. मला भांडणाची तयारी होती, पण त्या फक्त बरं म्हणाल्या आणि मला उगाच राग आला.

श्रावणात झड लागली. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंना ताप भरला. त्या भिजून कोणाची तरी गाय सोडवायला गेल्या होत्या, त्याचं निमित्त. काढे झाले, शेक झाला. नाल्याला पूर, रस्ता बंद, कामरगावला डॉक्टर असून नसल्यासारखा. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि गेल्या. बाहेर पाऊस तसाच चालू होता.

सगळं गाव आलं. एवढी माणसं त्या अंगणात मी कधी पाहिली नव्हती. डोक्यावर पोत्याच्या खोळी घेतलेली, गुडघ्यापर्यंत चिखलातली, गावकुसाबाहेरचीही आली, अंगणाच्या कडेला उभी राहिली. बाया रडत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांचे हात रिकामे आहेत.

एकाही माणसाने लाकूड आणलं नव्हतं. गवरी आणली नव्हती. ज्या गावात भांडणातल्या घरीही लाकूड जायचं, ते गाव ज्या बाईने पंचवीस वर्षं लाकूड पुरवलं तिच्या दारात हात हलवत उभं होतं. आणि त्यांचं चुकलं असं म्हणावं तरी कसं? तिथे कशाला न्यायचं, तिथे तर भरलेली खोली आहे, असं प्रत्येक घराने म्हटलं होतं. तीच खोली, जिथे त्यांची स्वतःची लेकरं रोज बाराखडी म्हणत होती. माणसाला सवयीपुढे डोळ्यांनी पाहिलेलंही दिसत नाही. मी अजूनही हे आठवलं की चिडते. त्यांच्यावर चिडते, मग स्वतःवर.

गावातले एक म्हातारे काका माझ्याकडे आले. "सूनबाई, खोली उघडा," म्हणाले.

मी किल्ली काढली आणि दार उघडलं. आत दोन तक्ते, घंटा, सुकडीचा डबा आणि भिंतीला टेकवलेले पाट. काकांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून माणसांकडे पाहिलं. काही माणसं घरी धावली. परत आली ती ओली खांडं घेऊन. कोणी म्हणालं रॉकेल टाकू. कोणी म्हणालं, उद्यापर्यंत थांबू, पाऊस उघडेल. उद्यापर्यंत थांबू, हे ऐकून मला केनवडचं ते घर आठवलं. पण मी दारातून हलले नाही. कारण सगळ्यांची नजर कुठे आहे ते मला दिसत होतं. त्या सगळ्या आवारात कोरडं लाकूड फक्त भिंतीला टेकलेलं होतं.

कोणी मागितलं नाही. मागायची कोणाची हिंमत नव्हती, आणि द्यायची माझी. पाट गेले तर बालवाडी गेली, हे मला स्वच्छ कळत होतं. नवरा माझ्याकडे पाहत होता. मी चौकटीला हात लावून उभी होते, वाट अडवल्यासारखी.

मग ती निंदणाला येणारी बाई गर्दीतून पुढे आली. माझ्या हाताखालून वाकून आत गेली. पाटांमधून शोधून आपल्या मुलीचा पाट काढला, तोच, एक पाय मोडका असलेला. माझ्यासमोर येऊन थांबली.

"हा माह्या घरचा हाये," ती म्हणाली. "हा मी देतो."

तिच्या मागून दुसरी आली. मग तिसरी. एकेक बाई आत जाऊन आपल्या लेकराचा पाट ओळखून काढत होती, पदराखाली झाकून बाहेर नेत होती. घरटी एक. मी हात खाली घेतला. मी काही दिलं नाही आणि कोणाला अडवलं नाही. बाया त्या काळी स्मशानात जात नव्हत्या, म्हणून पुढचं मी पाहिलं नाही. काकांनी नंतर सांगितलं, की तळाला पाट रचले, वर घोंगड्या धरल्या आणि दुपारपर्यंत नीट सगळं झालं.

त्यानंतर बालवाडीत एक लेकरू आलं नाही. कोणी वाईट बोललं नाही. बाया प्रेमाने सांगायच्या, बाई, ज्या खोलीतले पाट सरणावर गेले तिथे लेकराला कसं बसवावं, तुम्हीच सांगा. ज्यांनी पाट उचलले त्याच सांगायच्या. मी तक्ते झटकून, घंटा पुसून पंधरा दिवस रिकाम्या खोलीत बसून राहिले. समितीच्या बाई आल्या, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि घंटा, डबा आणि तक्ते बैलगाडीत घालून शेजारच्या गावाला नेले. मी दारात उभी राहून पाहिलं. मला आत्याबाईंचा इतका राग आला, की तेराव्याला शिजवलेलं आठवूनही घास कडू लागायचा. जिवंतपणी एक कोपरा मागत होत्या, मेल्यावर पूर्ण खोली परत घेतली.

पुढच्या वैशाखात मी खोली भरली. कोणी सांगितलं नव्हतं. पाहीन म्हटलं होतं, म्हणून भरली. पुढे मुलगी झाली, ती मोठी झाली, सासरी गेली, गुडघे गेले, तोवर दर वर्षी भरत राहिले. गावाला त्यातही काही विशेष वाटलं नाही. त्या घरी लाकूड असतंच, असं परत सगळे म्हणायला लागले.

आणि आता गोष्ट अशी झाली आहे, की मोठ्या मायने गावच्या लेकरांसाठी आपण होऊन खोली रिकामी केली आणि स्वतःच्या सरणासाठी काडी ठेवली नाही. हे शेडच्या फलकावर लिहिणार आहेत म्हणे. आपण होऊन केली नाही. मी बोलून करवली. आणि काडी ठेवायला त्यांनी एक कोपरा मागितला होता. फोनवरच्या पोराला मी हे सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, वहिनी, असं कार्यक्रमात बोलू नका. मग मी म्हटलं, निदान शेडच्या बाजूला उंच जोत्याची एक खोली बांधा, कोरड्या लाकडांना. तो हसला. "आता डिझेल टाकलं का पेटते वं वहिनी," म्हणाला.

मी जाणार नाही. त्यांना सांगितलं गुडघे दुखतात, ते खरंही आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी बावीस पाट गेले. तेविसावा, पितळी फुलांचा, मी सकाळीच खोलीच्या दारामागे सरकवला होता, काकांनी खोली उघडायला सांगितली त्याच्याही आधी. म्हणजे हात रिकामे आहेत हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पाटांचं काय होणार तेही कळलं होतं, आणि मी माझा तेवढा वाचवला. त्यांचाच पाट त्यांना दिला नाही. बालवाडी पुन्हा सुरू होईल, मला बसायला लागेल, असं डोक्यात होतं. तो अजून माझ्याकडे आहे. दर पावसाळ्यात मी तो माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवते आणि दिवाळीला खाली काढून ऊन दाखवते. माझ्या वेळेला तो तळाशी ठेवा, असं मुलीला सांगून ठेवलं आहे.